अंगठा आतल्या बाजूला

इमारत पाडायची हे पक्कं झालं, तेव्हा अक्कांनी विद्यापीठाकडे एकच गोष्ट मागितली. एक वीट.

कुलसचिवांच्या खुर्चीत नव्याने आलेले साहेब क्षणभर बघतच राहिले. अक्का म्हणजे मुलींच्या वसतिगृहाच्या जुन्या रेक्टर. नवरा इथलाच इतिहासाचा प्राध्यापक, सगळ्या आवाराचे सर. दोघांची उभी हयात याच आवारात गेलेली. अशी बाई राहतं घर आणखी थोडे दिवस मागेल, एखादं जुनं कपाट मागेल, गेला बाजार निरोपाचं भाषण तरी मागेल, अशी तयारी करून साहेब बसले होते.

"वीट म्हणजे... वीटच ना?"

"वीटच. ग्रंथालयाच्या मागच्या व्हरांड्यातली, शेवटच्या खांबाशेजारची. कुणाला पाठवाल त्याला मी दाखवीन."

"अहो अक्का, हव्या तर गाडीभर न्या. नाहीतरी तळं बुजवायलाच जायच्यात सगळ्या."

"गाडीभर घेऊन काय करू? या वयात मला काय किल्ला बांधायचाय? एकच द्या, पण तीच द्या. आणि तिला मशीन लावू नका. हाताने काढा."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी अक्कांच्या देखतच कंत्राटदाराला फोन लावला आणि व्हरांड्याच्या बाजूला शेवटपर्यंत हात लावायचा नाही असं बजावलं. अक्का बाहेर आल्या तेव्हा सर बाकावर छत्री टेकून बसले होते.

"झालं काम," अक्का म्हणाल्या. "शेवटपर्यंत तिकडे फिरकणार नाहीत. ऐकलंत का?"

"ऐकलं," सर म्हणाले, आणि छत्रीचं टोक फरशीच्या फटीत फिरवत राहिले.

हे विद्यापीठ तसं फार जुनं नाही, आणि मोठं तर कधीच नव्हतं. रेल्वे बगल देऊन गेलेली, रस्ता कसाबसा पोचलेला, असा हा मुलूख. इथल्या लोकांना शहरात अंगठेबहाद्दर म्हणत. जमिनीच्या कागदावर अंगठा, कोर्टात अंगठा, दवाखान्यात अंगठा. ज्यांनी विद्यापीठ काढलं त्या मोठ्या गुरुजींनी ती शिवी खाली पडू दिली नाही, उचलून कपाळाला लावली. सरकारने जमीन द्यायची म्हणून ओसाड माळ दिला आणि इमारतीचं पुढच्या वर्षी बघू म्हणून सांगितलं. गुरुजींनी पुढच्या वर्षाची वाट पाहिली नाही. माळाच्या खोलगट कडेला चिकण माती होती, ती त्यांनी उकरायला घेतली. पहिल्या तुकडीच्या विद्यार्थ्यांच्या हातात विटांचे साचे दिले, भट्टी लावली, आणि एक नियम घालून दिला. इथे दगडावर कुणाचं नाव कोरायचं नाही. जो इथे शिकेल, शिकवील, झाडेल, पाणी भरेल, त्याने एका कच्च्या विटेच्या माथ्यावर आपला अंगठा उठवायचा. एका माणसाचा एकच अंगठा, आणि एका विटेत एकच. रचताना तो माथा वरच्या थराच्या चुन्याखाली झाकला जायचा. भिंत उभी राहिली की बाहेरून कुणाचं काही दिसायचं नाही.

"मग कुणाचा कुठे ते कळणार कसं?" असं कुणी विचारलं की गुरुजी म्हणत, "भिंतीला कळतं. तेवढं पुरे."

गवंड्यांचं म्हणणं त्याहून सरळ होतं. खळगा असला की चुना चांगला धरतो.

माती उकरलेल्या खड्ड्यात पाणी साठलं आणि त्याचं तळं झालं. इमारत जेवढी वर गेली, तेवढं तळं खाली. सर दर वर्षी नव्या मुलांना पहिल्या दिवशी तळ्याकाठी न्यायचे आणि म्हणायचे, "बघा, आपलं विद्यापीठ उलटं बघा." मुलं पाण्यातलं प्रतिबिंब बघायची. सरांना तो खड्डा दाखवायचा असायचा.

ग्रंथालयाचा भाग बराच नंतर वाढवला. गुरुजी तोवर गेले होते, पण त्यांचा नियम होता. त्याच वेळी अक्का दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेल्या, आणि थोरली पोर सरांपाशी राहिलेली. शाळेत जायचंही वय नव्हतं तिचं. ती दिवसभर मातीत लोळत असायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, की आईने भाऊ आणला की मी ताई होणार. भाऊ आला, ती ताई झाली, आणि पुढे सगळं आवारच तिला ताई म्हणू लागलं. अक्का बाळाला घेऊन परतल्या तेव्हा ताईने आधी भावाकडे बघितलंच नाही. आपला अंगठा आईच्या नाकासमोर धरून ती म्हणाली, "हा भिंतीत आहे."

ती चौथीत असताना तापाने गेली. विद्यापीठाची जीप एकच, आणि ती त्या दिवशी उत्तरपत्रिका घेऊन शहरात गेली होती. बैलगाडीतून न्यावं तर अर्धा दिवस लागणार. न्यायला निघालेही होते. असो.

त्यानंतर अक्कांनी अन्न टाकलं. बोलणं टाकलं. वसतिगृहातल्या मुली पाळीपाळीने येऊन धाकट्याला आंघोळ घालायच्या, भरवायच्या. सर वर्गावर जायचे, यायचे आणि दारात उभे राहायचे. एका संध्याकाळी त्यांनी अक्कांना हाताला धरून उठवलं आणि ग्रंथालयाच्या मागच्या व्हरांड्यात नेलं. शेवटच्या खांबाशेजारी, छातीच्या उंचीवर, एका विटेच्या बाहेरच्या अंगावर लहानसा खळगा होता.

"ही तिची," सर म्हणाले. "हट्ट धरून बसली होती. सगळ्यांचा आत, तर माझा बाहेर दिसू दे. शेवटी गवंडीच कंटाळला आणि बसवली तशी."

अक्कांनी त्या खळग्यात बोट ठेवलं. शेंडा तेवढा मावला. पोर हट्टी होतीच. जेवताना, निजताना, केस विंचरताना, कशातच तिने कधी सहजासहजी ऐकलं नव्हतं. सगळ्या विद्यापीठाने अंगठे आत ठेवले आणि हिचा एकटीचा बाहेर, हे इतकं तिच्यासारखं होतं, की अक्कांना त्या दिवसांत पहिल्यांदा रडू फुटलं. रडून झाल्यावर त्या घरी आल्या आणि दोन घास जेवल्या.

तेव्हापासून दिवेलागणीला वसतिगृहाची हजेरी झाली, की अक्का व्हरांड्यात जायच्या. थंडी असो, वारा असो, अंगात कसकस असो. खळग्यात बोट ठेवायचं आणि दिवसभराचं सांगायचं. धाकट्याचा पहिला दात पडला. स्वयंपाकघरातल्या बाईचं पुन्हा बिनसलं. शेवटच्या खोलीतली मुलगी घरच्या आठवणीने रडते आहे, तिला आज माझ्याजवळ निजवते. कुणाला ते वेडेपण वाटलं असेल. अक्कांचा मात्र तो नेम होता, आणि नेमाने माणूस उभं राहतं एवढं त्यांना कळत होतं. पुढे पुढे परीक्षेच्या दिवसांत मुलीही हळूच तिथे बोट लावून जाऊ लागल्या. "ताईला सांगून आले," म्हणायच्या. खळगा गुळगुळीत झाला, आणि भोवतीची वीट हात लागून लागून काळपट.

विद्यापीठ काही एका दिवसात बंद पडलं नाही. एकेक विभाग गेला. आधी भूगोल, मग संगीत, मग भाषा. दारावरच्या पाट्या काढल्या की तिथे भिंतीचा फिकट चौकोन उरायचा. भूगोलाचा मोठा पृथ्वीगोल कित्येक दिवस अतिथिगृहाच्या न्हाणीघरात पडून होता. मुलं शहरात जाऊ लागली, इथल्या वर्गांत बाक जास्त आणि मुलं कमी झाली. मग विलीनीकरणाचा हुकूम आला. शहरातलं मोठं विद्यापीठ हे आवार घेणार, जुनी इमारत धोकादायक म्हणून पाडणार, तळं बुजवून तिथे सपाटी करणार, आणि पुढे कसलंसं प्रशिक्षण केंद्र बांधणार.

"आपलं विद्यापीठ शेवटी इतिहास विभागात वर्ग झालं," सर म्हणाले होते. त्यांच्या विनोदाला हसायला आवारात फारसं कुणी उरलं नव्हतं. अक्का हसल्या, कारण नाहीतर ते फारच एकटे पडले असते.

पाडकामावर माणूस नेमला तो नेमका जुना मिस्त्री. ग्रंथालयाचा भाग बांधला तेव्हा तो मिसरूड फुटलेला गवंडी होता. आता दारं, खिडक्या, तुळया जपून काढण्यासाठी कंत्राटदाराने त्याला बोलावलं होतं. अक्का त्याला व्हरांड्यात घेऊन गेल्या. सर मागोमाग आले.

"ही बघा. ताईची."

मिस्त्री वाकला. विटेकडे बघितलं, खळग्याकडे बघितलं. मग चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसू लागला. बराच वेळ पुसत राहिला. मान वर केली ती सरांकडे बघायला.

"काय झालं? निघणार नाही का अखंड?" अक्कांनी विचारलं.

"निघेल की, अक्का. का नाही निघणार?" मिस्त्री म्हणाला. "तुमच्यासाठी निघेल."

म्हातारा हळवा झाला, अक्कांना वाटलं. त्यानेही ताईला मातीत लोळताना बघितलेलं. त्यांनी त्याला आग्रहाने घरी नेलं आणि चहा पाजला.

काम सुरू झालं. एका बाजूने मिस्त्री आणि त्याची माणसं दारं-खिडक्या उतरवायची, दुसऱ्या बाजूने मशीन भिंती ओढायचं. मातीचे ट्रक तळ्याच्या काठावर जाऊन उताणे व्हायचे. अक्का घरात बांधाबांध करत होत्या. धाकटा शहरातून गाडी घेऊन येणार होता आणि दोघांना कायमचं घेऊन जाणार होता. सर मात्र सकाळ झाली की छत्री घेऊन पाडकामाकडे निघायचे. कधी मिस्त्रीशी खालच्या आवाजात बोलत उभे दिसायचे, कधी नुसतेच ग्रंथालयाच्या उत्तरेकडच्या भिंतीसमोर. घरी यायचे ते भुवयांपर्यंत धुळीने माखून.

"इतकी वर्षं पुस्तकांची धूळ खाल्लीत, ती पुरली नाही वाटतं," अक्का म्हणायच्या. "तिथे उभं राहून काय करता?"

"शेवटचं प्रकरण बघतोय."

"मग बसून बघा. खुर्ची देऊ का पाठवून?"

एके दिवशी सकाळी ते निघायला लागले तशी अक्कांनी त्यांना अडवलं. मशीनचा आवाज जवळ आल्यासारखा वाटत होता, आणि रात्री त्यांना स्वप्न पडलं होतं की व्हरांडा गेला.

"आधी साहेबांकडे जाऊन या. व्हरांड्याची आठवण करून द्या पुन्हा एकदा."

"अगं, सांगितलंय त्यांनी."

"सांगितलेलं विसरतात लोक. जा ना. माझ्यासाठी."

सर दारात घुटमळले. काही बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि प्रशासकीय इमारतीच्या वाटेला लागले. साहेब बैठकीत होते, म्हणून त्यांना बराच वेळ थांबावं लागलं.

दुपार उलटली तरी सर जेवायला आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या तळहातावर रुमाल गुंडाळलेला आणि त्यातून रक्त आलेलं. गुडघ्यांना चिखल.

"हे काय करून घेतलंत?"

"वीट पडली हातावर."

"आणि चिखल? चिखलही पडला का गुडघ्यावर?" अक्का गरम पाणी घेऊन बसल्या. जखम धुताना त्यांनी चांगलं फैलावर घेतलं. इतके शिकलेले, पण साधं लांब उभं राहायचं कळत नाही. धाकटा आला की सांगते त्याला. सर एकदाच म्हणाले, "झोंबतंय." आणि डोळे पुसले. अक्कांना वाटलं, जखम खोल असावी.

व्हरांड्याची पाळी आली तेव्हा आजूबाजूला सगळं मोकळं झालं होतं. शेवटचा खांब आणि भिंतीचा एक तुकडा तेवढा उभा, कुणीतरी उभं करून विसरून गेल्यासारखा. अक्का धुतलेलं मऊ कापड घेऊन आल्या होत्या, विटेला गुंडाळायला. मिस्त्रीने छिन्नीने विटांमधले सांधे मोकळे केले, वरच्या विटा एकेक करून उतरवल्या, आणि मग दोन्ही हातांनी हलवत हलवत ती वीट ओढून काढली.

"आणा," अक्कांनी ओंजळ पुढे केली.

"धूळ आहे, अक्का. मीच गुंडाळून देतो. कापड द्या तुमचं."

"धूळ असू दे. आणा इकडे."

मिस्त्रीने वीट दिली. ती अक्कांना वाटली होती त्याहून जड निघाली. खळगा त्यांच्या अंगठ्याखाली आपोआप आला. माथ्यावर जुन्या चुन्याचा पापुद्रा होता. त्यांनी लहान मुलाच्या कपाळावरचे केस सारावे तसा वरून हात फिरवला, तर पापुद्रा निघून पडला.

खाली अंगठा होता. मोठ्या पुरुषाचा, रुंद, रेषान् रेष उठलेला, इतका ताजा की आत्ता कुणीतरी दाबून हात काढून घेतला असावा.

अक्का बघत राहिल्या. मग वीट वळवून खळग्याकडे बघितलं. पुन्हा माथ्याकडे.

"हा कुणाचा?"

मिस्त्री सरांकडे बघू लागला.

"एका विटेत एकच अंगठा ना? नियम होता ना गुरुजींचा? मिस्त्री, मी विचारते आहे."

मिस्त्रीने छिन्नी जमिनीवर ठेवली. "सरांना विचारा, अक्का."

सर पायरीच्या उरलेल्या दगडावर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "वीट ओली असताना खड्यावर टेकली असेल. नाहीतर उचलताना कुणाचं बोट लागलं असेल. तो खळगा म्हणजे काहीच नाही."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"तुला दाखवली त्या दिवसापासून."

मशीन दूर कुठेतरी बंद पडलं. अक्कांना वाटलं आपण उभ्या आहोत तिथली फरशीही कुणीतरी काढून घेतली आहे. त्यांनी वीट खाली ठेवली नाही, छातीशीही धरली नाही. हातात तशीच.

"मग ताईचा कुठे?"

"आत होता. सगळ्यांसारखा. वाचनकक्षाच्या उत्तरेच्या खिडकीखाली. मी तिला उचलून धरलं होतं. तिने स्वतःच्या हाताने वीट ठेवली. हट्टबिट्ट काही केला नव्हता. वर चुना पसरला तेव्हा म्हणाली, आता ती निजली."

उत्तरेची खिडकी. आयुष्यभर सर त्याच खिडकीखाली बसून वाचत आले. तिथे वारा झोंबायचा, वर्षातले सहा महिने खोकला असायचा, अक्का ओरडायच्या की अख्खं ग्रंथालय पडलंय, तुम्हाला बरं तेच भोक सापडतं. शेवटी त्यांनी लोकरीचा गळपट्टा विणून दिला होता. अक्कांनी त्या दिशेला बघितलं. तिकडे खिडकी नव्हती, भिंत नव्हती. थेट पलीकडचा रस्ता दिसत होता.

"होता म्हणालात," त्या सावकाश म्हणाल्या. "कुठे होता असं विचारलं नाही मी. कुठे आहे?"

मिस्त्रीच पुढे झाला. "अक्का, सरांनी मला पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. ती भिंत मी हाताने उतरवणार होतो. माझ्या डोक्यात होतं सगळं. पण मशीनवाल्याला वरून एवढंच कळलं, की व्हरांड्याची बाजू सोडायची. म्हणून त्याने एक दिवस आधीच उत्तरेकडून धरलं. मी पलीकडे तुळया उतरवत होतो. आवाज आला तेव्हा भिंत खाली."

"आणि तुम्ही?"

"मी साहेबांच्या दारात बसलो होतो," सर म्हणाले. "तू पाठवलं होतंस."

त्यात बोल लावलेला नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकवेना. अक्कांना सगळं एकदम उमगलं. चिखलाने भरलेले गुडघे, रुमाल, झोंबतंय म्हणून पुसलेले डोळे. ट्रकच्या मागे धावत जाऊन हा माणूस तळ्याच्या उतारावर विटा उलथत बसला होता, आणि संध्याकाळी आपण त्याला चार गोष्टी सुनावल्या होत्या.

पण दया यायच्या आधी राग आला.

"सगळ्यांना ठाऊक होतं तर. गवंड्यांना, मास्तरांना, शिपायांना. मी रोज एका खड्याच्या खुणेशी बोलत राहिले, आणि सगळं विद्यापीठ गंमत बघत राहिलं?"

"गंमत नाही, अक्का," मिस्त्री म्हणाला. "दिवेलागणीला त्या बाजूने जायचं झालं तर लोक पायातलं हातात घेऊन जायचे. आवाज नको म्हणून."

अक्कांचा आवाज कधी चढत नसे. तेव्हाही चढला नाही. त्या सरांना म्हणाल्या, "तेव्हाचं मी समजू शकते. तेव्हा मी मरायला टेकले होते, हात लावायला काहीतरी हवं होतं मला. पण मी वीट मागायला गेले, तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात. तेव्हा तोंड उघडलं असतंत, तर आज ती माझ्या हातात असती."

"रोज ठरवत होतो. मग वाटायचं, तू तुझी वीट घेऊन समाधानाने चल, खरी मी गुपचूप सामानात घालीन. तुझंही मोडायला नको, तीही राहायला नको. दोन्ही राखायला गेलो."

"तुमचा इतिहास तुम्हालाच लखलाभ," अक्का म्हणाल्या.

त्यांनी वीट मिस्त्रीकडे दिली. "कुणाच्या तरी लेकाचा अंगठा आहे हा. फेकू नका. तळ्यात न्याल तेव्हा हाताने ठेवा." मऊ कापड तिथेच पडलं, ते मागाहून सरांनी उचललं.

धाकटा गाडी घेऊन आला तेव्हा खोक्यांना दोऱ्या बांधून झाल्या होत्या, आणि आई खोक्यावर बसून होती.

"आई, निघायचं ना?"

"तळं बुजेपर्यंत मी हलणार नाही."

"तळं? अगं, तिथे काय आहे आता?"

"ताई आहे."

धाकट्याने बापाकडे बघितलं. त्याला बहिणीचा चेहरा आठवत नव्हता. त्याच्या लेखी ताई म्हणजे व्हरांड्यातली एक वीट, जिच्याजवळ आईला एकटं सोडायचं असतं. सरांनी त्याला बाजूला नेऊन सांगितलं. ऐकून तो पायरीवर बसला आणि बऱ्याच वेळाने त्याने कचेरीत फोन करून रजा वाढवून घेतली. दोऱ्या सोडल्या. पातेली पुन्हा बाहेर निघाली.

अक्का सरांशी बोलत नव्हत्या. वाढायच्या, औषध ठेवायच्या, हाताची पट्टी बदलायच्या, पण शब्द नाही. "तुझ्या बाबांना सांग, चहा निवतोय." "तुझ्या बाबांना विचार, गळपट्टा कुठे आहे." धाकटा दोघांच्या मध्ये बसून निरोप पोचवायचा. एकदा वैतागून म्हणाला, "बाबा, आई विचारतेय मीठ हवं का. आई, बाबा मान हलवतायत. मी जाऊ का, की माझी नेमणूक कायमची आहे?" अक्कांच्या ओठांचा कोपरा हलला, पण तेवढाच.

तिन्हीसांजेला त्यांची पावलं व्हरांड्याकडे वळायची, आणि मग थांबायची. पहिल्या दिवशी त्या अर्ध्या वाटेवरून परत आल्या. दुसऱ्या दिवसापासून तळ्याच्या काठावर जाऊन बसू लागल्या. सर थोड्या अंतरावर बसायचे, छत्रीवर हनुवटी टेकून. ट्रक यायचा, मागची फळी उघडायची, विटा घरंगळत जायच्या. ओल्या मातीत पडल्या की त्यांचा आवाज होत नसे, एकमेकींवर आदळल्या की होई. काही माथा वर करून पडायच्या. अंगठेच अंगठे. शेतात राबून चपटे झालेले, एखादा नखाशी चिरलेला, एखादा नाजूक. इतकी माणसं इतकी वर्षं भिंतीत गप्प राहिली होती, आणि आता थोडा वेळ उजेडात येऊन पुन्हा ज्या मातीतून निघाली त्या मातीत चालली होती. पाणी कडेकडेने वर सरकत होतं, गढूळ होत होतं, आणि मग ओढ्याच्या वाटेने निघून जात होतं.

लहान अंगठे दिसले की अक्का उठून उभ्या राहायच्या. ग्रंथालय वाढवलं त्या दिवसांत आवारातल्या सगळ्याच पोरांनी विटा केल्या होत्या. मिस्त्री खाली उतरून एकदोन वर आणायचा आणि न बोलता त्यांच्यापुढे ठेवायचा. अक्का बोट ठेवून बघायच्या. कुठल्याशा मास्तरांचा मुलगा असेल, माळ्याची पोर असेल. एक अंगठा अगदी तेवढाच होता. अक्का त्याच्यापाशी खूप वेळ बसल्या. सर समोरच होते. त्यांनी एक शब्द काढला असता, तर अक्कांनी विश्वास ठेवला असता. कदाचित तेवढ्यासाठीच अक्कांनी मान वर करून सरांकडे बघितलं.

सर म्हणाले, "मला ओळखू येत नाही."

अक्कांनी ती वीट मिस्त्रीला परत दिली.

तळं बुजलं. वरून मातीचा थर पडला, रोलर फिरला, आणि जिथे खड्डा होता तिथे सपाटी झाली. नवखा माणूस आला असता, तर इथे कधी पाणी होतं हे त्याला खरं वाटलं नसतं. धाकट्याने गाडी काठाशी, म्हणजे काठ होता त्या जागेशी, आणून उभी केली. सामान भरलेलं होतं. अक्का उतरल्या आणि नव्या मातीवर चालत गेल्या. सर मागे आले.

मध्यावर जाऊन अक्का थांबल्या. कितीतरी दिवसांनी त्या नवऱ्याशी थेट बोलल्या.

"कुठे, हो?"

सरांनी आजूबाजूला बघितलं. खुणेला काही उरलं नव्हतं. पंपघराची भिंत, पलीकडचं एक झाड, एवढंच. ते दोन पावलं पुढे गेले, एक मागे आले. "ट्रक या बाजूने रिकामा झाला होता. उतार इकडे होता. साधारण इथून... त्या झाडाच्या रेषेपर्यंत."

"नक्की?"

वारा सुटला होता, आणि सरांच्या गळ्यात तो जुना गळपट्टा होता.

"नाही," ते म्हणाले. "नक्की नाही सांगता येणार."

अक्कांनी मान हलवली. मग त्या खाली बसल्या. गुडघे कुरकुरले, तसा सरांनी आधाराला हात दिला, तो त्यांनी घेतला. माती अजून ओलसर होती. बोट ठेवायला नेमकी जागा नव्हती, म्हणून त्यांनी तळहात पसरून ठेवला. धाकट्याने गाडीचा दिवा लावला आणि बंद केला. दिवेलागण झाली होती.

अक्का हळू आवाजात दिवसभराचं सांगू लागल्या.